आधी नाशिक तपासा, मग जपान

पत्र : नाशिकरोडच्या सिक्युरिटी प्रेसमधून दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालो. पासपोर्टच्या पुस्तिका आयुष्यभर हाताखालून गेल्या, स्वतःचा पासपोर्ट मात्र कधी काढला नाही. मुलाने पुण्याहून कॉम्प्युटर पाठवला, तेव्हापासून इंटरनेटवर देश बघत बसतो. त्यातही जपानचं वेड लागलंय. दोनशे पानी वह्या भरतोय : राजधानी, चलन, लोकसंख्या, काय काय बघावं. पण आता सगळे व्हिडिओ सारखेच वाटतात. तोच मनोरा, तेच देऊळ, तोच नूडल्सचा वाडगा. इंग्रजी कामापुरतं येतं, बाकी भाषा शून्य. सौ. म्हणते, "जगभर फिरता, पण कोपऱ्यावरून कोथिंबीर आणायला उठत नाही." मुलगा म्हणतो, मे महिन्यात जपानला चला, बारा दिवसांचं पॅकेज आहे. घरबसल्या बघणं पुरे, की जावं? आणि बघायचं तर नीट कसं बघायचं? जाता जाता एक. घरात मीच फॉरेनचा जाणकार ठरल्यामुळे सिन्नरच्या पुतण्याने एक ऑफर दाखवायला पाठवली आहे. थायलंडमध्ये डेटा एंट्री, पगार महिना ऐंशी हजार, व्हिसा-तिकीट कंपनीचं. मुलाखत व्हॉट्सअ‍ॅपवर दहा मिनिटांत उरकली. बरी वाटते का?
— एक वाचक, जेल रोड, नाशिकरोड

काका,

जाता जाता म्हणून तुम्ही शेवटी लिहिलंत तेच आधी घेते. जपान थांबू शकतं. पुतण्याला आजच फोन करा. पासपोर्टची प्रत, आधार, बँकेचा तपशील यातलं काही पाठवू नकोस म्हणावं. पाठवून झालं असेल तरी त्यांनी काढलेल्या तिकिटावर विमानात बसू नकोस म्हणावं.

थायलंडमधल्या भरपगारी नोकरीचं आमिष दाखवून तरुणांना बँकॉकला उतरवायचं, तिथून गाडीत घालून सरहद्दीपलीकडे म्यानमारमध्ये न्यायचं आणि कुंपणाच्या आत कोंडून त्यांच्याकडून ऑनलाइन फसवणुकीचं काम करून घ्यायचं, असा धंदा गेली काही वर्षं चालू आहे. आपल्या परराष्ट्र मंत्रालयाने सप्टेंबर २०२२ मध्येच त्याबद्दल जाहीर इशारा दिला होता. तुम्ही आता नकाशे बघणारे गृहस्थ आहात, तर एवढं करा. थायलंडच्या पश्चिम कडेला माए सोत नावाचं गाव शोधा. बँकॉकपासून ते रस्त्याने जवळपास पाचशे किलोमीटर. गावाशेजारून मोई नावाची लहानशी नदी जाते आणि नदीपलीकडे म्यावाडी, म्हणजे म्यानमार. आता सॅटेलाइटचं चित्र लावा आणि नदीच्या कडेकडेने वरखाली सरका. शेतांच्या मधोमध एकाएकी मोठमोठ्या इमारतींचे चौकोन दिसू लागतील. हे पुतण्याला शेजारी बसवून दाखवा. आपण कितीही ओरडलो तरी पोरांना ते चित्रच जास्त पटेल.

बाकीची तपासणी कोरडी, पण सोपी. परदेशी नोकरीला माणसं पाठवणाऱ्या एजंटांची सरकारदरबारी नोंद असते आणि ती यादी ई-मायग्रेट पोर्टलवर कुणालाही बघता येते. त्यात नाव नसेल तर बोलणं तिथेच संपलं. नाव असलेल्यालाही ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी, याहून जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. थायलंडमध्ये नोकरी करायला कामाचा व्हिसा आणि वर्क परमिट लागतं. "टुरिस्ट म्हणून उतर, पुढचं आम्ही बघतो" असं सांगणारा पुढचं खरोखरच बघतो, पण स्वतःच्या सोयीने. कंपनीचं नाव-पत्ता देऊन बँकॉकमधल्या आपल्या दूतावासाला ईमेलवर विचारता येतं, तुमचं कामापुरतं इंग्रजी त्याला भरपूर आहे. पैसे देऊन झाले असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनला लगेच फोन. आणि पुतण्याला एक साधा प्रश्न विचारा : डेटा एंट्री करायला थायलंडमध्ये माणसं मिळत नाहीत म्हणून सिन्नरहून विमानाने न्यावी लागतात का?

आता तुमच्या वह्या.

राजधानी, चलन, लोकसंख्या लिहिण्यात वाईट काही नाही. फक्त ते लिहून झाल्यावर पुढे काय हे कळत नाही, आणि मग माणूस पुढचा व्हिडिओ लावतो. व्हिडिओ सारखे का वाटतात याचं उत्तर जपानमध्ये शोधायच्या आधी नाशिकमध्ये शोधा. एक दिवस स्वतःला परका समजा आणि इंग्रजीत नाशिक शोधा. काय येईल? रामकुंड, काळाराम मंदिर, पांडवलेणी, "भारताची वाइन राजधानी", द्राक्षमळ्यात गॉगल लावून उभी असलेली मंडळी, फार तर मिसळ. यातलं खोटं काहीच नाही. पण द्वारका चौकातली संध्याकाळ त्यात नाही. अंबड-सातपूरची शिफ्ट सुटते ती वेळ नाही. लासलगावला आज कांदा किती पडला ते नाही. तुमच्या कॉलनीत नळ किती वाजता येतो ते नाही. तुमची प्रेसही जवळपास नाहीच, जिच्यामुळे परदेशी जाणाऱ्या प्रत्येक भारतीयाच्या खिशात नाशिकरोड असतं.

नाशिकचं काय काय गळलं याची यादी करा. तुमच्या सगळ्या वह्यांत ती सर्वांत कामाची ठरेल. नाशिकचं जे गळलं तेच क्योतोचंही गळलेलं असणार. पाणी, कचरा, भाव, शाळा, रोजची ये-जा. पाहुण्याला दिवाणखान्यात बसवतात, घर कळतं ते माजघर आणि मोरी बघितल्यावर. तुम्ही आजवर जपानचा दिवाणखाना बघितलात, आणि तोही ज्यांनी स्वतः तिथे चार दिवस पाहुणचार घेतला त्यांच्या कॅमेऱ्यातून. सारखेपणाचा कंटाळा येणारच.

ही नाशिकची कसोटी मी सगळ्यालाच लावते. हल्ली लोक चॅटबॉटला विचारतात, "जपानमध्ये गावाकडे जीवन कसं असतं?" आणि तो इतक्या आत्मविश्वासाने सांगतो की ऐकणारा मान डोलावतो. त्याला आधी विचारा, नाशिकरोड स्टेशनवरून त्र्यंबकेश्वरला कसं जायचं, किती वाजता बस, भाडं किती. उत्तरात काय बरोबर, काय जुनं, काय ठोकून दिलेलं, हे तुम्हाला बसल्या जागी कळेल. जपानबद्दलच्या उत्तरावर किती भरवसा ठेवायचा ते त्यावरून ठरवा. मी तर त्याला उत्तर विचारतच नाही. कोणत्या खात्याच्या, कोणत्या कागदात हे सापडेल तेवढं विचारते आणि कागद स्वतः उघडते.

गुगलच्या स्ट्रीट व्ह्यूचंही, म्हणजे नकाशातून रस्त्यावर उतरून चहूबाजूचे फोटो बघता येतात त्याचंही, तेच. जुलै २०२२ मध्ये भारतात तो सुरू झाला तेव्हा पहिल्या दहा शहरांत नाशिक होतं, हे तुम्हाला ठाऊक नसेल तर आता अभिमानाने सांगत सुटा. आधी जेल रोडवर उतरा. कोपऱ्यात चित्र कधीचं आहे तो महिना आणि वर्ष दिसतं. त्यानंतर कोणतं दुकान बंद झालं, कोणती इमारत उठली, हे तुम्ही सांगू शकता. म्हणजेच जपानमधल्या गल्लीत उभे राहाल तेव्हाही आधी तारीख बघायची. बऱ्याच ठिकाणी जुन्या तारखांची चित्रंही उघडता येतात. एकच कोपरा दहा वर्षांच्या अंतराने बघितला की कोणत्याही निवेदकाशिवाय गोष्ट कळते. किराणा दुकानाचं शटर पडलेलं, शाळेच्या मैदानात गवत, बाजूला नवं वृद्धाश्रमासारखं काहीतरी. चित्र कुठे नाही हेही बघत चला. जर्मनीत २०१० मध्ये २० शहरांत हा प्रकार आला, तेव्हा खाजगीपणाच्या मुद्द्यावरून एवढा गदारोळ झाला की लाखो घरांनी आपली भिंत पुसट करून घेतली आणि नवी चित्रं टाकणं गुगलने थेट २०२३ पर्यंत थांबवलं. त्या पुसट भिंतींवरून जर्मन माणसाबद्दल जे कळतं ते ब्रँडेनबुर्ग दरवाज्याच्या शंभर फोटोंतून कळत नाही.

मग माजघरात शिरायचं कसं? त्या देशाने आपल्याच माणसांसाठी जे लिहून ठेवलंय ते वाचायचं. एक उदाहरण पुरं करून दाखवते, बाकीची तुम्ही करा.

आपल्याकडे घंटागाडी येते. ओला-सुका वेगळा केला की आपण सुटलो, आणि तेवढंही सगळे करत नाहीत. आता शिकोकु बेटावरच्या तोकुशिमा प्रांतात कामिकात्सु नावाचं डोंगरातलं गाव शोधा. वस्ती दीड हजाराच्या आसपास. या गावात कचऱ्याची गाडीच येत नाही. लोक स्वतः कचरा धुऊन, वाळवून केंद्रावर आणतात आणि तो चाळीसहून जास्त प्रकारांत वेगळा करतात. २००३ मध्ये गावाने शून्य कचऱ्याची घोषणा केली. इंग्रजीत शोधलंत तर भारावून लिहिलेले लेख मिळतील. ते एक-दोन वाचा आणि सोडून द्या. मग गावाच्या कार्यालयाचं स्वतःचं पान उघडून कचऱ्याचा तक्ता काढा. कोणती बाटली कुठे, झाकण वेगळं का, कोणत्या कागदाचे पैसे येतात आणि कोणत्या कचऱ्याला पैसे मोजावे लागतात. ते वाचताना आपोआप प्रश्न पडतात. म्हाताऱ्या माणसाला गाडी चालवता येत नसेल तर तो कचरा कसा नेत असेल? कंटाळा येत नसेल का? या प्रश्नांची उत्तरंही तिथेच, पुढच्या पानावर असतात, कारण गावकऱ्यांनाही तेच प्रश्न पडलेले असतात. असाच शाळेच्या दुपारच्या जेवणाचा महिन्याचा तक्ता बऱ्याच जपानी नगरपालिका आपल्या पानावर टाकतात. कोणत्या वारी मासा, कोणत्या दिवशी भात, कोणत्या दिवशी पाव. जपानमधल्या एखाद्या आडबाजूच्या गावच्या स्टेशनचं वेळापत्रक बघा. दिवसाला पाच-सहा गाड्या आणि शेवटची संध्याकाळीच, असं दिसलं की गावात तरुण किती उरले असतील याचा अंदाज तुम्हीच करू शकता.

भाषेचा बाऊ करू नका. इंग्रजीत शोधलं की पाहुण्यांसाठीचं सापडतं, जपानीत शोधलं की घरच्यांसाठीचं, म्हणून शोधशब्दच जपानीत हवा. तुम्हाला हवं ते छोट्या इंग्रजी वाक्यात लिहा, "कचरा वेगळा करण्याचा तक्ता" एवढंच, आणि भाषांतर करणाऱ्या साधनात टाकून जपानी करा. मराठीतून थेट केलं तरी चालतं, पण जपानीसाठी इंग्रजीतून बरं येतं असा माझा अनुभव. आलेलं जपानी पुन्हा उलट इंग्रजीत फिरवून बघा. अर्थ तोच राहिला तर तो मजकूर शोधाच्या चौकटीत चिकटवा, पुढे गावाचं नाव. नेमकं सरकारीच हवं असेल तर शेवटी इंग्रजीत "साइट" लिहून कोलन द्या आणि त्याला चिकटून "गो डॉट जेपी" लिहा. ते जपानच्या केंद्र सरकारचं आडनाव. बऱ्याच नगरपालिकांचं "एलजी डॉट जेपी" असतं. पान उघडल्यावर ब्राउझरला भाषांतर करायला सांगा. ते वेडंवाकडं असेल. जपानी वाक्यात कर्ता सहसा सांगतच नाहीत, त्यामुळे यंत्र कुठेही "मी" आणि "तो" घुसडतं. तक्ता, भाव, वेळ, नियम यांचं बिघडत नाही. कवितांच्या वाटेला तूर्त जाऊ नका.

एक खाचखळगा सांगून ठेवते, कारण यात हुशार माणसंही आपटतात. प्रत्येक देशाचं सरकारी वर्ष आपल्यासारखं नसतं. जपानी नगरपालिकेच्या कागदावर "रेइवा ७" दिसलं तर ते २०२५, कारण नव्या सम्राटाचा रेइवा काळ २०१९ पासून मोजतात. थायलंडच्या कागदावर २५६८ दिसलं तर घाबरू नका. ते बुद्धवर्ष आहे, त्यातून ५४३ वजा करा. शके आणि विक्रम संवत दोन्ही असलेलं पंचांग भिंतीवर टांगणाऱ्या माणसाला हे अवघड जाऊ नये. नकाशातल्या सीमारेषाही अशाच. वादग्रस्त सीमा गुगल सगळ्यांना सारखी दाखवत नाही, तुम्ही कोणत्या देशातून बघताय त्यावर ती बदलते.

आता मला खरं जे सांगायचंय ते. जपान बघणारे लाखो आहेत, पण पासपोर्टची पुस्तिका हातात घेऊन कागद, शिवण, शाई ओळखणारे किती? तुम्ही सर्वसाधारण पर्यटकासारखं बघायला बसलात म्हणून कंटाळलात. स्वतःच्या धंद्याच्या वाटेने शिरा. (तुमच्या प्रेसमधलं काही बाहेर सांगू नका, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. इथे दुसऱ्यांचं उघड असलेलं तेवढंच बघायचंय.)

युरोपीय संघाच्या परिषदेने प्रादो नावाची एक सार्वजनिक नोंदवही इंटरनेटवर ठेवली आहे. देशोदेशींचे पासपोर्ट, ओळखपत्रं, निवास परवाने, युरोपबाहेरच्या देशांचेसुद्धा, पानापानाच्या फोटोंसकट : जलचिन्ह कुठे, कोणता धागा अतिनील प्रकाशात चमकतो, अंक कसे टोचलेत. हॉटेलवाल्यापासून बँकेच्या कारकुनापर्यंत कुणालाही खरं-खोटं ओळखता यावं म्हणून ती फुकट खुली आहे. तुम्ही एकदा त्यात शिरलात की सौ.ना जेवायला तीनदा हाक मारावी लागेल, याची जबाबदारी माझी नाही. नॉर्वेचा पासपोर्ट बघा. साध्या उजेडात पानावर डोंगर-फ्योर्डची रेखाटनं, अतिनील दिव्याखाली त्याच आकाशात उत्तर ध्रुवाकडे रात्री दिसतो तो रंगीत प्रकाश उमटतो. जपानने फेब्रुवारी २०२० पासून व्हिसाच्या पानांवर होकुसाई या जुन्या जपानी चित्रकाराची फुजी पर्वताची चित्रं घेतली, जोडपानागणिक वेगळं चित्र. मार्च २०२५ पासून माहितीचं पान प्लास्टिकचं झालं आणि पासपोर्ट तयार करण्याचं काम राष्ट्रीय मुद्रण ब्यूरोकडे एकवटलं. आधी ही कामं कुठे होत होती, लोकांना आता किती दिवस जास्त थांबावं लागतं, त्यावर तिथली वर्तमानपत्रं काय कुरकुरली, हा तुमच्याच अनुभवातला विषय आहे. तुम्हाला तो कुणी समजावून द्यावा लागणार नाही.

हाच ब्यूरो नोटाही छापतो. जपानच्या नव्या नोटा ३ जुलै २०२४ ला आल्या. नोट तिरकी केली की चेहरा वळताना दिसतो असा होलोग्राम त्यांवर आहे, तो तुम्ही बघालच. पण तुमच्या वहीत "चलन : येन" एवढंच आहे, तिथे तीन चेहरे लिहा. दहा हजारांवर शिबुसावा एइइची, जपानमधली पहिली आधुनिक बँक उभी करणारा. पाच हजारांवर त्सुदा उमेको. १८७१ मध्ये सरकारने काही मुलींना शिकायला अमेरिकेत पाठवलं, त्यात ही सहा वर्षांची, सर्वांत लहान. परत येऊन १९०० मध्ये तिने मुलींसाठी शाळा काढली, तिचं पुढे विद्यापीठ झालं. आपल्या आनंदीबाई जोशी अमेरिकेला निघाल्या १८८३ मध्ये, त्यांच्या आधी बारा वर्षं. आणि हजाराच्या नोटेवर कितासातो शिबासाबुरो. हा जंतुशास्त्रज्ञ १८९४ मध्ये प्लेगच्या साथीत हाँगकाँगला गेला. प्लेगचा जंतू त्याच साथीत सापडला, त्याने आणि येर्सिन या दुसऱ्या शास्त्रज्ञाने वेगवेगळ्या वाटेने. दोन वर्षांनी, १८९६ मध्ये, तीच साथ मुंबईत उतरली आणि पुढे आपल्याकडे काय झालं ते शाळेत शिकलोय. म्हणजे एका नोटेवरून तुम्ही जपान, हाँगकाँग आणि मुंबईत फिरून आलात. असा प्रवास कुठल्या व्हिडिओत मिळणार नाही, कारण तो तुमच्या प्रश्नातून निघाला.

पोस्टाची तिकिटं ही आणखी एक वाट. १९२६ पासून आपली तिकिटं नाशिकरोडला छापली जाऊ लागली, त्याआधी लंडनहून यायची. नेपाळचीही कितीतरी तिकिटं इथेच छापली. संग्राहकांच्या ऑनलाइन याद्यांत प्रत्येक तिकिटापुढे मुद्रकाचं नाव असतं. नाशिक असं लिहिलेली परदेशी तिकिटं गोळा करा, फक्त पडद्यावर, विकत घेऊ नका, तो वेगळा रोग आहे. त्या तिकिटांवर काय छापावं हे त्या त्या राजाने आणि सरकारने ठरवलं, शाई मात्र नाशिकची. तेवढ्यावर एक अख्खी वही होईल.

कधी उलट बाजूनेही बघा. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचं ट्रोव्ह, न्यूझीलंडचं पेपर्स पास्ट, सिंगापूरचं न्यूजपेपर एसजी, या तिन्ही ठिकाणी जुनी वर्तमानपत्रं फुकट शोधता येतात. तिथे आपल्या गावाचं जुनं इंग्रजी स्पेलिंग टाका, "एस" पुढे "एच" न लावता, आणि वर्ष १९०९-१० ठेवा. २१ डिसेंबर १९०९ ला विजयानंद थिएटरात कलेक्टर जॅक्सनवर अनंत कान्हेरेंनी गोळ्या झाडल्या, ती बातमी साम्राज्याच्या दुसऱ्या टोकाला कशी छापली जाते ते वाचून बघा. ट्रोव्हवर यंत्राने चुकीची वाचलेली अक्षरं साधी माणसं घरून दुरुस्त करतात. तुमच्यासारख्या बारीक नजरेच्या माणसाने तिथे खातं उघडावं असं माझं मत आहे.

व्हिडिओ अगदीच टाकून देऊ नका. बडबड नसलेले निवडा. नॉर्वेच्या सार्वजनिक टीव्हीने २००९ मध्ये बर्गन ते ओस्लो हा रेल्वेप्रवास सलग सात तासांहून जास्त वेळ जसाच्या तसा दाखवला. जपानी गाड्यांच्या ड्रायव्हरच्या काचेतून घेतलेले असे कितीतरी आहेत. कसाऱ्याचा घाट आयुष्यभर पंचवटी एक्स्प्रेसच्या खिडकीतून बघितलेल्या माणसाला त्यात काय बघायचं ते सांगावं लागत नाही.

सौ.ंच्या तक्रारीबद्दल. त्या बरोबर आहेत, कोथिंबीर आणून द्या. पण माझा कयास असा की राग तुमच्या फिरण्याचा नाही, एकट्याने फिरण्याचा आहे. जपानी सुपरमार्केट दर आठवड्याला भावाची पत्रकं इंटरनेटवर टाकतात, भाजी, मासे, फळं, कराआधीचा भाव आणि करासहितचा. ते पान त्यांच्यासमोर उघडा आणि हिशोब त्यांना करू द्या. वांगी काय भाव, नि मटाराला एवढे कसे. द्राक्षांशी आलात की जरा थांबा. शाइन मस्कॅट नावाचं हिरवं, टपोरं द्राक्ष दिसेल, घडाचा भाव बघून दिंडोरीतले तुमचे कुणी नातेवाईक असतील त्यांना फोन लावावासा वाटेल. ही जात जपानने २००६ मध्ये नोंदवली, पण परदेशात हक्क नोंदवायची मुदत हातची घालवली, आणि मग चीन-कोरियात तिचे मळेच्या मळे उभे राहिले. द्राक्षाच्या जातीचे हक्क आणि त्यावरची रॉयल्टी हा विषय नाशिकच्या बागायतदारांच्या गप्पांत आता रोजचा आहे. जपान कुठे हुकला हे त्यांना तुम्ही सांगू शकाल. रोज अर्धा तास कॉम्प्युटर सौ.ंच्या ताब्यात द्या, आणि त्या वेळात सूचना देऊ नका.

आणि जावं का? जावं. घरबसल्या बघणं हे जाण्याला पर्याय आहे असं मला वाटत नाही, तसंच जाणं हे बघण्याला पर्याय नाही. पण मे महिन्याचं पॅकेज नको. २९ एप्रिल ते ५ मे या आठवड्यात जपानमध्ये ओळीने सुट्ट्या येतात, अख्खा देश बाहेर पडतो, गाड्या-हॉटेलं भरतात. जूनमध्ये त्यांचा पाऊस सुरू होतो. नोव्हेंबर बघा, हवा आपल्या डिसेंबरसारखी आणि झाडं लाल झालेली. बारा दिवसांत सात शहरं असतील तर मुलाला सांगा, दोन करा. व्हिसासाठी काय लागतं ते टूरवाल्याला न विचारता मुंबईतल्या जपानी वाणिज्य दूतावासाच्या पानावर वाचा.

त्याआधी पासपोर्ट. साठी उलटली असेल तर नव्या अर्जाच्या १५०० रुपये फीत १० टक्के सूट मिळते. अर्ज फक्त परराष्ट्र मंत्रालयाच्या पासपोर्ट सेवा पोर्टलवर करा. पत्त्यात "गव्ह डॉट इन" आहे ना ते बघा, कारण हुबेहूब दिसणाऱ्या खोट्या साइट जास्तीचे पैसे उकळतात आणि मंत्रालयानेच त्यांच्याबद्दल इशारा दिलेला आहे. खोटी छपाई ओळखण्यात तुमची हयात गेली, खोटं पानही ओळखाल.

पॅकेजात नसलेली एक जागा तेवढी दौऱ्यात घालायला लावा. तोक्योच्या उत्तर भागात ओजी स्टेशनजवळ राष्ट्रीय मुद्रण ब्यूरोचं नोटा आणि तिकिटांचं संग्रहालय आहे. प्रवेश फुकट, सोमवारी बंद असतं. टूरवाला म्हणेल तिथे कुणी जात नाही. त्या दिवशी बाकीची मंडळी मॉलमध्ये जाऊ देत, तुम्ही दोघं लोकलने जा. स्टेशनवरून चालत कसं जायचं ते नोव्हेंबरपर्यंत तुम्हाला पाठ झालेलं असेल.